दाजींची शिडी आणि शिरोलीची भट्टी

"काकू, नमस्कार. मी करवीर तालुक्यातला, वय २७. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून सहा वर्षं झाली, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात आहे. आधी मोल्डिंग लाइनवर होतो, आता क्वालिटीला. हातात २१ हजार पडतात. घरी अडीच एकर ऊस, तो आबा बघतात. थोरल्या बहिणीचे मिस्टर, आमचे दाजी, हिंजवडीला असतात. ते म्हणतात, 'शेती गेली, कारखानदारी चालली, आता जमाना सर्व्हिसचा. पुण्याला ये, मी चिकटवतो.' कर्ज देणाऱ्या एका अ‍ॅपच्या कस्टमर सपोर्टला २७ हजारांची जागा आहे म्हणे. आबा म्हणतात, 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी. भट्टीतनं सुट आणि घरी ये.' धाकटी बहीण बारावीला आहे. तिला भूगोलात प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक असं काहीतरी आहे. परवा तिनं विचारलं, 'दादा, आपलं घर कशात येतं?' मला सांगता येईना. सर म्हणाले म्हणे, देश पुढं जातो तशी माणसं पहिल्यातनं दुसऱ्यात आणि दुसऱ्यातनं तिसऱ्यात जातात. म्हणजे मी मागं राहिलो का? दोन आठवड्यांत दाजींना कळवायचंय."

बाळा, सगळ्यात आधी तुझ्या धाकट्या बहिणीला शाबासकी दे. एकतीस वर्षं बँकेत काढली, पण इतका नेमका प्रश्न ना कर्जदारानं विचारला ना आमच्या साहेबांनी. आमच्या फॉर्मवर शेती, लघुउद्योग, व्यापार-सेवा असे तीन चौकोन असायचे. माणूस समोर बसला की त्यातल्या एकात आम्ही खूण करायचो. तो बिचारा घरी जाऊन तिन्हीत राबायचा.

दाजी आणि आबा भांडतायत असं तुला वाटतंय, पण दोघं एकच काम करतायत. दोघांनी कामांची शिडी केलीय, फक्त एकानं ती उलटी धरलीय. आबांच्या म्हणीत शेती वरच्या पायरीवर. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम पेटी नावाचे गृहस्थ नेमका उलटा हिशेब मांडून गेले: शेतीपेक्षा कारागिरीत जास्त मिळतं आणि कारागिरीपेक्षा व्यापारात. त्यांचं ते लिखाण १६९० साली छापून आलं. तेव्हा दाजी जे ताजं म्हणून सांगतायत ते सव्वातीनशे वर्षांचं शिळं आहे, हे त्यांना माझ्या नावावर खुशाल सांग.

आबांच्या म्हणीतही एक खोच आहे. तीत कारागीर कुठंच नाही. गावात लोहार, सुतार, कुंभार नव्हते असं थोडंच! पण ते बलुतेदार. लोहारानं फाळाला धार लावायची, न्हाव्यानं डोई करायची, आणि दोघांनी खळ्यावर रास झाली की आपलं धान्य न्यायचं. आज तुझी बहीण लोहाराला द्वितीयक लिहील आणि न्हाव्याला तृतीयक. त्या काळी दोघांचं पोट एकाच राशीवर होतं. म्हण केली ती ज्याची रास होती त्यानं. हे मनात ठेव, पुढं लागणार आहे.

हे तीन कप्पे तसे फार जुने नाहीत. न्यूझीलंडच्या अ‍ॅलन फिशर यांनी १९३५ साली ते नीट मांडले, १९४० मध्ये कॉलिन क्लार्क यांनी देशोदेशीचे आकडे लावून ते पक्के केले. जमिनीतून, पाण्यातून, रानातून थेट काढलं ते प्राथमिक: शेती, मासेमारी, जंगल, आपल्या सरकारी हिशेबात खाणीसुद्धा. त्याला रूप दिलं ते द्वितीयक: कारखाने, वीज, बांधकाम. आणि ज्यात वस्तू हातात येत नाही, काम करून मिळतं, ते तृतीयक: दुकान, ट्रक, शाळा, दवाखाना, बँक. जगभर मंदी होती तेव्हा फिशर यांना एक प्रश्न छळत होता. जुन्या धंद्यात माणसं आणि पैसा अडकून पडलेत, नव्या कामांची गरज दिसतेय, तरी लोक सरकत का नाहीत? त्यांचं म्हणणं असं की पुढं जायचंय आणि जागाही सोडायची नाही, या ओढाताणीत सगळे अडकतात. म्हणजे तुझं पत्र त्यांनी नव्वद वर्षांपूर्वीच वाचलं होतं म्हण.

आता माणसं खरंच का सरकतात ते सांगते. त्यात कुणी पुढं गेलं आणि कुणी मागं राहिलं असं नसतं.

एक कारण पोटाचं. पगार दुप्पट झाला म्हणून कुणी दुप्पट भाकरी खात नाही. अर्न्स्ट एंगेल या जर्मन आकडेशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये हे कुटुंबांच्या खर्चाच्या वह्यांवरून दाखवलं: उत्पन्न वाढतं तसा त्यातला खाण्याचा वाटा घटतो. आपल्याकडं खेड्यातलं घर १९९९-२००० मध्ये शंभरातले ५९ रुपये खाण्यावर घालायचं. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत तो आकडा ४६ वर आला. शहरात ४८ वरून ३९. उरलेला पैसा मोबाइल, गाडी, क्लास, दवाखाना, प्रवास असा जातो, आणि काम त्या पैशामागं जातं. तुझ्याच घरी बघ. आबांच्या तरुणपणी बहिणीच्या क्लासची फी नावाचा खर्च तरी होता का?

दुसरं कारण यंत्राचं. नांगरटीला चार बैल आणि दोन माणसं लागायची तिथं ट्रॅक्टरवाला तासाभरात रान उलटून जातो. पण ही गोष्ट शेतीपाशी थांबत नाही. तुमच्या मोल्डिंग लाइनवर जुन्या माणसांना विचार, हातानं साचे भरायचे तेव्हा तेवढ्याच टनेजला किती जण असायचे. कारखान्यातूनही माणसं बाहेर पडतात, माल मात्र वाढलेला असतो. उलट न्हाव्याला एक डोकं करायला आजोबांच्या काळात जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. म्हणून सेवांमध्ये माणसं साठत जातात. त्यातली कितीतरी चांगल्या पगारासाठी आलेली नसतात. यंत्रानं अजून त्यांची जागा घेतली नाही, एवढंच.

आणि तिसरं कारण निव्वळ वहीखात्याचं. ते कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. तुमच्या गेटवरचा वॉचमन आधी कंपनीच्या पटावर असेल. तेव्हा तो मोजला जायचा कारखानदारीत. पुढं मालकानं सिक्युरिटी एजन्सीला कंत्राट दिलं, माणूस तोच, गेट तेच, काठी तीच, पण आता तो सेवा क्षेत्रात. कँटीनचं तेच, माल वाहणाऱ्या गाड्यांचं तेच, हिशेबनिसाचंही तेच. वर्गवारी होते ती पगार देणारी संस्था काय धंदा करते यावरून. एका कागदावर सही झाली आणि चाळीस माणसं 'पुढच्या क्षेत्रात' गेली. पगार बहुतेकांचा कमीच झाला. 'जमाना सर्व्हिसचा' या वाक्यात अशी किती गेटं लपलीत ते दाजींना विचार.

आता थोडं माझ्या घरचं.

माझे वडील आजऱ्याकडचे. दोन भावांत पुरेल एवढी जमीन नव्हती म्हणून परळला गेले, मिलमध्ये साच्यावर लागले. साचा म्हणजे माग, तुमच्या भट्टीचा साचा नव्हे. प्राथमिकातून द्वितीयकात, तुझ्या बहिणीच्या पुस्तकाबरहुकूम. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी १८५४ ला सुरू झाली. तिथून शंभर-सव्वाशे वर्षं कोकणातली आणि घाटावरची माणसं त्या भोंग्यावर उठली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाचा औपचारिक शेवट झालाच नाही. दीड वर्ष वाट बघून वडील ट्रंक घेऊन गावी आले आणि भावाच्या रानात भांगलायला लागले. मी तेव्हा कॉलेजात होते. द्वितीयकातून परत प्राथमिकात! हा बाण पुस्तकातल्या आकृतीत नसतो.

पण मला वडिलांपेक्षा जास्त आठवते ती माझी आत्या. ती गिरणगावात खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांत तीसेक गिरणी कामगार जेवायचे. महिन्याचे पैसे पगाराला. पुस्तकाप्रमाणं आत्या तृतीयक क्षेत्रात होती, भावाच्या एक पायरी पुढं! अशा खानावळवाल्या गिरणगावात एवढ्या होत्या की प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मी बँकेत गेले त्यामागं हे ऐकलेलं होतं. तर संप झाला तेव्हा आत्याची नोकरी कुणी घालवली नाही. तिला नोकरीच नव्हती. फक्त जेवणारे गावी गेले, काहींच्या सहा-सहा महिन्यांच्या उधाऱ्या तिच्या वहीत राहिल्या. भावाची गिरणी थांबली आणि बहिणीची चूल विझली, पंधरा दिवस मागंपुढं.

म्हणून कुणी क्षेत्र कुठलं म्हणून विचारलं की मी उलट विचारते, तुझा पगार कुणाच्या राशीवर आहे? आत्याचा पगार कापडावर होता. न्हाव्याचा जोंधळ्यावर. गिरण्यांच्या जागेवर पुढं मॉल आले, काचेची ऑफिसं आली, तिथं आज जी माणसं बसतात त्यांचाही पैसा कुठल्या ना कुठल्या राशीतून येतो. ती रास परदेशात असेल, दिसत नसेल, पण असते. दाजींचं ऑफिस दुसऱ्या देशातल्या कुठल्यातरी बँकेचं नाहीतर विमा कंपनीचं काम करत असणार. तिकडं खर्च कापला की हिंजवडीत खुर्च्या रिकाम्या होतात. दाजींना टोचायला नाही म्हणत हे. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

आता कोल्हापूरकडं ये. तुझ्या भट्टीची रास कुठली?

माझं मत विचारशील तर ऊस. कसं ते बघ. पंचगंगेच्या काठानं ऊस होता, म्हणून गुऱ्हाळं होती, म्हणून शाहूपुरीत गुळाची पेठ होती. एखाद्या गुऱ्हाळावर सकाळी जाऊन उभी राहा म्हणावं बहिणीला. पहाटे तोडलेला ऊस येतो, ते प्राथमिक. घाण्यातून रस निघून काहिलीत उकळतो, रवे धरले जातात, ते द्वितीयक. दुपारी टेंपो भरून अडत्याकडं सौदा, ते तृतीयक. एका दिवसात, एका मालकाच्या अंगणात तिन्ही. आणि त्यात सगळ्यात भाव कुणाला? गुळव्याला. पाक चिमटीत धरून काहील नेमकी कधी उतरवायची हे ज्याला कळतं त्याला. त्याच्याकडं जमीन नसते, घाणा नसतो, दुकान नसतं.

या उसाला पाणी पाजायला आणि घाणा फिरवायला ऑइल इंजिनं लागली. इंजिनं बिघडली की सुटे भाग लागले, ते मुंबईहून यायची वाट कोण बघणार? म्हणून इथंच ओतायला सुरुवात झाली. मिस्त्री लोकांनी बघून बघून इंजिनंच बनवली. त्यातून फाउंड्र्या, मग उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, मग पुण्याच्या गाड्यांना लागणारी कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव भाग, मग त्यांना घासून देणारी मशीन शॉप्स, मग पोरांना शिकवायला पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजं. तुझा डिप्लोमासुद्धा उसातूनच उगवलाय म्हणायला हरकत नाही. एक क्षेत्र मरून दुसरं आलं असं यात कुठंच नाही. एकानं दुसऱ्याला जन्म दिला आणि जन्म देणारं तिथंच राहिलं.

शिडी उलटी चढलेला माणूसही आपल्या शेजारीच होऊन गेला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, मग बेळगावात सायकलींचं दुकान. दोन्ही तृतीयक, म्हणजे दाजींच्या हिशेबात शिखर. तिथून ते खाली उतरून कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करू लागले. शेतकरी आधी तो नांगर घेईनात, लोखंडानं जमीन विटाळते म्हणायचे. बेळगावची जागा सोडावी लागली, औंध संस्थानानं कुंडलजवळचा माळ दिला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलच्या दुकानातून कारखान्यात, आणि कारखान्याचं गिऱ्हाईक शेतकरी. सांग बरं, हा माणूस पुढं गेला की मागं?

सर जे म्हणाले ते मात्र अगदी खोटं नाही. इंग्लंड, जर्मनी, जपान तसेच गेले. शेतीतून माणसं निघाली ती कारखान्यांनी सामावली, नंतर सेवांनी. आपलं गणित वेगळं झालं. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा स्वातंत्र्यानंतर निम्म्याच्या आसपास होता, तो घसरून पाचव्या हिश्शाच्याही खाली आला. सेवांचा निम्म्याच्या वर गेला. पण माणसं? २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत शंभरातले ४६ कामकरी अजून शेतीत आणि कारखानदारीत जेमतेम ११. पैसा दोन पायऱ्या चढून गेला, माणसं खालीच राहिली. अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक याला अकाली निरुद्योगीकरण म्हणतात: कारखाने भरात येण्याआधीच ओसरायला लागतात.

या पाहणीतली आणखी एक नोंद मला माझ्या वडिलांच्या ट्रंकेची आठवण करून देते. २०१८-१९ मध्ये शेतीतल्या माणसांचं प्रमाण ४२.५ पर्यंत उतरलं होतं. करोनानंतर, २०२०-२१ मध्ये, ते ४६.५ झालं. शेतीत अचानक कमाई वाढली म्हणून कुणी परतलं नव्हतं. शहरात चूल विझली आणि गावी भाकरी होती. आबा तुला ज्या रानात बोलावतायत त्याची आजची खरी किंमत मला तिथं दिसते. ते पगार देणारं रान राहिलेलं नाही, पण धरून ठेवणारं आहे.

आता तुझ्या दोन आठवड्यांकडं.

माझं सरळ मत: ही पुण्याची जागा घेऊ नकोस. पुण्याला जाऊच नकोस असं मात्र मी म्हणत नाही.

आधी पैसे बघ. २७ हजारांतून वाकडला तिघांत खोली म्हटलं तरी सात हजार, मेस साडेचार, जाणं-येणं दोन-अडीच, महिन्यातून एकदा गावी यायचं दीड. साडेअकरा-बारा उरतील. शिरोलीत २१ मधून पेट्रोल आणि वरखर्च गेला तरी तू घरी जेवतोस. घरात पंधरा तरी देत असशील. म्हणजे सहा हजारांच्या वाढीसाठी तू तीन हजारांनी गरीब होतोस. हे आकडे माझ्या अंदाजाचे, तू तुझे घाल. पण घाल. तोंडी हिशेब करू नकोस, वहीवर कर.

पैशापेक्षा मला खटकतंय ते काम. 'कस्टमर सपोर्ट' म्हणजे नेमकं काय, हे विचार. मी कर्जाच्या धंद्यात आयुष्य काढलंय. अ‍ॅपवाल्या कर्जांत सपोर्टच्या नावाखाली वसुलीचे फोन करायला बसवतात, असं ऐकलेलं आहे. सगळीकडं तसं असेलच असं नाही, म्हणूनच विचारायचं. या धंद्याची रास म्हणजे लोकांनी पगाराच्या आधी काढलेली उधारी. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये डिजिटल कर्जांना नियम घातले, पुढंही घालेल, आणि एका परिपत्रकात अशा कंपनीचा नफा इकडचा तिकडं होऊ शकतो. शिवाय 'माझा हप्ता कधी कटणार' याचं उत्तर आता यंत्रच देतं. दोन वर्षांनी त्या खुर्चीतून उठशील तेव्हा हातात काय असेल? सहा वर्षांचं लोखंडाचं शिक्षण गंजलेलं, आणि फोनवर गोड बोलायची सवय.

भट्टीतही आहे तसाच बसून राहा असं मात्र नाही. तिथं मला तुझी जास्त काळजी आहे. उद्या कामावर गेलास की तुमच्या कास्टिंग्जची यादी काढ. सिलिंडर हेड, ब्लॉक, फ्लायव्हील हाउसिंग यांचा टनेजमध्ये वाटा किती? ब्रेक ड्रम, अ‍ॅक्सल हाउसिंग, पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचे भाग यांचा किती? पहिले सगळे इंजिनाचे भाग, आणि विजेच्या गाडीला सिलिंडर हेड लागत नाही. अ‍ॅक्सल आणि ब्रेक लागतात. ट्रॅक्टर आणि पंप तर लगेच कुठं जात नाहीत. तुझ्या मालकाची रास पहिल्या यादीत निम्म्याहून जास्त असेल तर तुला पाच-सात वर्षांत हलायचंच आहे असं समज आणि आत्तापासून तयारी कर. दुसऱ्या यादीत असेल तर श्वास घ्यायला वेळ आहे.

तयारी म्हणजे काय? तू क्वालिटीला आहेस, म्हणजे ब्लो होल (हवेचं भोक) कुठं येतं, सँड इन्क्लुजन (आत अडकलेली वाळू) कशानं झालं, आकसून तडा का गेला हे रोज बघतोस. रिजेक्शनच्या ढिगाशी तू रोज बोलतोस. आता ते पडण्याआधी ओळखायला शिक. कॉम्प्युटरवर साच्यात धातू कसा वाहील, कुठं आधी थंड होईल हे दाखवणारी सॉफ्टवेअर आहेत, मेथडिंगवाले, म्हणजे धातू साच्यात कुठून नि कसा ओतायचा ते ठरवणारे, ती वापरतात. तुमच्याकडं मेथडिंगला कोण आहे? त्या माणसाला चहा पाज. मालकाकडं पगारवाढ मागण्याऐवजी, किंवा पगारवाढीबरोबर, त्या टेबलाशी बसायला माग. सहा वर्षं वाळू हाताळलेला आणि तो स्क्रीन वाचू शकणारा माणूस म्हणजे आमच्या गुऱ्हाळातला गुळव्या.

आणि इथं तुझ्या बहिणीच्या पुस्तकाची गंमत बघ. हेच काम तू मालकाच्या पटावर केलंस तर तू द्वितीयक. चार वर्षांनी राजारामपुरीत एक खोली घेऊन पाच फाउंड्र्यांचं मेथडिंग करून द्यायला लागलास तर तू तृतीयक! दाजींची शेवटची पायरी, शिरोलीपासून वीस मिनिटांवर. बँकेत असताना अशा दोघांना मी कर्ज दिलंय, दोघंही आधी शॉप फ्लोअरवरचे. तिसरा नुसता कॉम्प्युटर शिकून आला होता, त्याचं खातं थकलं.

मालक नाहीच म्हणाला, वर्षभर हललाच नाही, तर पुण्याला जरूर जा. पण चाकणला जा, जिथं गाड्यांच्या कंपन्या आपल्या पुरवठादारांच्या कास्टिंग्ज तपासायला माणसं ठेवतात. तिथं तुझी सहा वर्षं मोजली जातील. दाजींना खरंच मदत करायची असेल तर अ‍ॅपवाल्याऐवजी अशी एखादी ओळख काढून द्या म्हणावं.

आबांचं राहिलं. अडीच एकर उसावर एक घर पूर्वी निघायचं, आता लागणीचा खर्च, तोडीचे पैसे आणि कारखान्याचं बिल यायची वाट यात बारावीची फीसुद्धा कशीबशी निघते. आबांना हे कळतं. त्यांना तू भट्टीच्या धुरातून सुटायला हवा आहेस आणि तसं सरळ बोलता येत नाही, म्हणून ते म्हण पुढं करतात. हा माझा अंदाज. एकदा फुफ्फुसं तपासून घे आणि रिपोर्ट त्यांना दाखव, मास्क लावतोस का तेही सांग. वाळूची धूळ वाईट. सुट्टीच्या दिवशी रानात जात जा. आणि करवीर तालुका म्हटल्यावर प्लॉटिंगवाले आज ना उद्या बांधावर येणारच. आबांच्या हयातीत त्यांच्याशी एकट्यानं बोलू नकोस, सही तर नाहीच. पुण्याजवळ मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी जमीन विकून मोकळं होण्याऐवजी एकत्र येऊन स्वतःच शहर उभारलं आणि त्यात हिस्सा ठेवला. तसं सगळ्यांना जमत नाही, अडीच एकराला तर नाहीच. पण 'विकायची की नाही' याखेरीज तिसरं उत्तर असू शकतं एवढं माहीत असावं.

बहिणीला सांग, परीक्षेत सरांचंच उत्तर लिही, मार्क तिथं आहेत. आणि वहीच्या मागच्या पानावर आपल्या घराचा एक दिवस लिही. सकाळी आबा रानात, आई डेअरीला दूध घालायला, दादा भट्टीवर, ती स्वतः क्लासला, संध्याकाळी आई दोन ब्लाउज शिवते तेही. (शिवतेच ना? तू लिहिलं नाहीस, पण तुमच्या भागात अशी आई मला क्वचितच भेटली जी शिवत नाही.) प्रत्येकापुढं पैसा कुठून आला ते लिही. तिला तीन रकाने कमी पडतील.

दाजींना आजच फोन करू नकोस. आधी त्यांच्याकडून ऑफर लेटर मागव आणि मला पाठव. पगार कंपनीच्या पटावर की एजन्सीच्या, पीएफ कापणार का, रात्रपाळी किती, टार्गेट आहे का, हे सगळं दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असतं. फोटो काढताना तेही पान काढ. बहुतेक पोरं पहिलंच पाठवतात.